लाईन कुठून येते

पुण्याला हॉस्टेलवर राहायला गेले त्याच्या पहिल्याच आठवड्यात रात्री गप्पकन अंधार झाला आणि मी सवयीने ओरडले, "लाईन गेली!" रूममेट कोल्हापूरची. ती अंधारातच म्हणाली, "कुठली लाईन?" तिच्याकडे लाईट जाते आणि लाईट येते. लाईन म्हणजे तिच्या लेखी रांग, नाहीतर वहीतली रेघ. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की लाईन जाणं ही आमच्या नागपूरकडची बोली आहे, मला वाटायचं सगळ्या महाराष्ट्राची लाईनच जाते.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना आश्चर्य वाटलं. बाबा वीज मंडळात लाईनमन, ३१ वर्षं नोकरी केली त्यांनी. म्हणाले, "लाईट कुठी जाते बेटा, लाईट तं बल्बात असते. जाते थे लाईन." आणि बरोबरच आहे ना. सबस्टेशनपासून खांबाखांबावरून आपल्या मीटरपर्यंत जी तार येते ती कुठेतरी तुटते, तारेला तार जोडणारा जंपर जळतो, डीओ म्हणजे खांबावरचा फ्यूज उडतो, पावसात फीडर ट्रिप होतो, म्हणून अंधार होतो. बल्ब तर जागच्या जागीच असतो बिचारा. बाबांसारख्या माणसाला अंधार झाला की खोली दिसत नाही, तार दिसते, कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत गेली असेल हे दिसतं. त्यामुळे आमच्या घरात लाईन हा शब्द मीठ-तिखटासारखा वापरला जायचा आणि त्याच्याकडे कोणी कधी नीट पाहिलं नव्हतं, मीही नाही.

पाहिलं ते खूप नंतर, नोकरी लागल्यावर. मी नागपुरातच एका दैनिकात उपसंपादक आहे, डेस्कवर दिवसभर हेडलाईन, बायलाईन, डेटलाईन, ऑनलाईन आणि सगळ्यात वर डेडलाईन, म्हणजे प्रत्येक शब्दाच्या शेपटीला लाईन आहेच. एका रात्री चंद्रपूर-गडचिरोलीची डाक एडिशन सोडून झाल्यावर थोडा वेळ होता म्हणून डिक्शनरीत लाईनचं मूळ काढून पाहिलं. वाटलं होतं रेघ काढणे वगैरे असं काहीतरी क्रियापद निघेल. निघालं जवस.

म्हणजे असं की इंग्रजीतला लाईन हा शब्द दोन वाटांनी आला, एक जुन्या इंग्रजीतला, अर्थ दोरी, आणि दुसरा फ्रेंचमधून आलेला, आणि दोन्ही वाटा मागे मागे गेलं की लॅटिनमधल्या लिनेआ या शब्दाला जाऊन मिळतात. लिनेआ म्हणजे लिननचा धागा. आणि हा धागा ज्या झाडाचा, त्या झाडाचं लॅटिन नाव लिनम. लिनम म्हणजे आपला जवस, पुण्या-कोकणाकडे ज्याला अळशी म्हणतात तो. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं लिनम युसिटॅटिसिमम, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ सगळ्यात जास्त उपयोगाचा.

मी स्क्रीनकडे पाहतच राहिले. कारण जवस म्हणजे काय हे मला डिक्शनरीने सांगायची गरज नव्हती, आमच्या स्वयंपाकघरात काचेच्या बरणीत बारा महिने जवसाची चटणी असते, त्याच दिवशी डब्यात ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली होती. एकाच घरात बाबा रोज लाईनवर चढत होते आणि आई रोज जवस भाजत होती आणि हे दोन शब्द एकाच झाडाचे आहेत याचा कोणाला पत्ता नव्हता.

आईचं जवस भाजणं जवळून पाहिलंय ना तुम्ही? कढई आधी चांगली तापवायची, मग जवस टाकायचा, पहिले एक-दीड मिनिट काहीच होत नाही, तपकिरी चकचकीत दाणे नुसते एकमेकांवरून घसरत राहतात, इतके गुळगुळीत असतात की हातात घेतले तर बोटांच्या फटीतून पाण्यासारखे जातात. मग एक दाणा तडकतो. मग चार, आणि मग सगळी कढई तडतडायला लागते, दाणे ओट्यावर उडतात, तेवढ्यात गॅस बारीक करून हलवत राहायचं नाहीतर कडू होतो. गार झाला की लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ घालून कुटायचा, मिक्सरमध्ये फिरवला तर तेल सुटून गोळा होतो असं आईचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. आमच्या पूर्व विदर्भात जवसाचं तेलसुद्धा खातात, वास उग्र असतो, ज्याला लहानपणापासून सवय आहे त्यालाच जमतं.

हा जवस यायचा आजीच्या गावाहून, भिवापूरकडून. भिवापूर मिरचीसाठी प्रसिद्ध, पण आजीच्या वावरात धानही होता आणि धानाच्या मागोमाग जवस. उभा धान कापायला आठ-पंधरा दिवस राहिले असताना, बांधीत म्हणजे धानाच्या खाचरात ओल असतानाच, जवस नाहीतर लाखोळी म्हणजे लाखेची डाळ तशीच फेकून पेरायची, नांगरणी नाही आणि पाणी देणं नाही, याला उतेरा म्हणतात. धान कापून नेला की खाली हिरवं काहीतरी उगवलेलंच असतं. आम्ही जायचो इतवारीहून छोट्या लाईनने. नागपूर-नागभीड नॅरोगेज, अडीच फुटांचा रूळ, उमरेड, भिवापूर करत जाणारी गाडी, आणि तिला कोणी नॅरोगेज म्हणायचं नाही, ती छोटी लाईनच. ती २०१९ मध्ये ब्रॉडगेज करायला बंद केली. संक्रांतीच्या आसपास सकाळच्या गाडीने गेलं की खिडकीतून मधूनच एखादा तुकडा निळा दिसायचा, आभाळ खाली सांडल्यासारखा. तो जवस फुललेला. आणि हे खास आहे, जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत येताना तेच वावर शोधायला गेलं तर नुसतं हिरवं. मला लहानपणी वाटायचं आपण चुकीच्या खिडकीत बसलो. संस्कृतमध्ये जवसाला अतसी म्हणतात, अळशी हा शब्द त्याचाच, आणि कृष्णाच्या रंगाला अतसीच्या फुलाची उपमा देतात ती हीच निळाई.

तर या रोपाच्या खोडात, सालीच्या आतल्या बाजूला, लांब आणि चिवट तंतू असतात. युरोपात, इजिप्तमध्ये जवस पेरायचा तो मुख्यतः या तंतूसाठी. झाडं दाट पेरायची म्हणजे फांद्या न फुटता सरळ उंच वाढतात, मग मुळासकट उपटायची, पाण्यात सडवायची, वाळवायची, कुटायची, विंचरायची, आणि जे केसासारखं उरतं त्याचं सूत काढायचं. इजिप्तच्या ममी गुंडाळल्यात त्या याच कापडात. हे सूत कापसापेक्षा चिवट, त्यामुळे रोमन सुतार-गवंडी सरळ ओळ आखायला तेच वापरायचे, दोन टोकांना दोघांनी धरायचं, ताणायचं, की झाली लिनेआ. आधी ती दोरी होती. मग दोरीने आखलेली खूण लिनेआ झाली, मग दोरीच नसताना नुसती रेघ, मग रेघेत उभी असलेली माणसं, मग कवितेची ओळ, वंशाची ओळ, जहाजाचा ठरलेला मार्ग, रेल्वे, तार, टेलिफोन. एकेक अर्थ पुढे सरकताना दोरी मागे राहून गेली.

आणि मग माझ्या डोक्यात आलं की अरे, आपल्याकडेही हेच झालंय की. सूत्र म्हणजे धागा. धाग्याचं झालं नियम, पाणिनीची सूत्रं, गणिताचं सूत्र. सूत्रधार म्हणजे दोरी धरणारा, आणि संस्कृतात सुतारालाही सूत्रधार म्हणत, आपला सुतार हा शब्द त्यातूनच आला. आमच्या घराचं वरचं काम चालू होतं तेव्हा मिस्त्री दिवसभर ओरडायचा, "सुतात आहे का पाहा," "दोन सूत बाहेर चालली भिंत," आणि विटांच्या थराला जी नायलॉनची दोरी बांधायचा तिला म्हणायचा लाईनदोरी. लाईनदोरी! एकाच गोष्टीची दोन नावं जोडलेला शब्द, त्यातलं पहिलं रोमहून आलेलं, आणि हे शाळेचं तोंड न पाहिलेला एक माणूस दिवसातून पन्नास वेळा म्हणत होता. प्रेमाचंही तसंच बघा, आधीची पिढी म्हणायची त्यांचं सूत जुळलं, आम्ही कॉलेजात म्हणायचो ती त्याला लाईन देते. धागा तोच आहे. म्हणजे दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, हातातला धागा ताणून पाहिला आणि दोघांनाही त्यात सरळपणा दिसला, नातं दिसलं. मला यापेक्षा मोठी गोष्ट भाषेत फार कमी वाटते.

नागपूरच्या नकाशावरही लाईन पसरलेली आहे. सिव्हिल लाईन्स आहे, पोलीस लाईन टाकळी आहे. सिव्हिल लाईन्समधून रोज गाडी चालवत जाते, जीपीओ, हायकोर्ट, विधानभवन, ते मोठमोठे वृक्ष आणि उन्हाळ्यातही जरा गार वाटणारे रस्ते, पण तिथे लाईन कुठली हे कधी विचारलं नाही. तर हा फौजेचा शब्द. छावणीत तंबू ओळीने ठोकायचे, घोडे एका लांब दोरीला ओळीने बांधायचे, त्या ओळींना लाईन्स म्हणायचे. मग तंबूंच्या जागी बराकी आल्या, नाव तेच राहिलं, आणि फौजेची नसलेली, मुलकी साहेबलोकांची वस्ती ती सिव्हिल लाईन्स. इंग्रजांनी १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं आणि १८६१ मध्ये नागपूरला मध्य प्रांताची राजधानी केलं, तेव्हा साहेबांना राहायला अशी जागा लागणारच होती.

बाकीची भावंडं तर कुठे कुठे निघाली. टेलर ब्लाऊजला लायनिंग लावू का विचारतो, ते रेघेवरून आलेलं नाही, कपड्याला आतून लिननचं अस्तर लावायचे म्हणून ते लायनिंग. लाँजरी हा फ्रेंच शब्दही लिननचाच. लिनोलियम हे फरशीवर अंथरायचं प्रकरण १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघालं ते जवसाच्या तेलापासून, नावातच लिनम आणि तेल दोन्ही आहे. रंगारी ऑईलपेंटच्या कामात डबल बॉईल तेल मागतो ना, ते जवसाचं. आणि माझा भाऊ नवीन बॅट आणली की आजीकडून आणलेलं जवसाचं कच्चं तेल कापसाच्या बोळ्याने तिला चोळायचा, दोन दिवस आडवी ठेवायचा, आणि मग ग्राउंडवर कोच त्याला ओरडायचे लाईन-लेंग्थ पकड, लाईन-लेंग्थ पकड. तो बॉलिंगही करायचा.

पण डेडलाईनचं काय, ते शोधलं तेव्हा मी खरंच थांबले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे दक्षिणेकडच्या फौजेने युद्धकैद्यांसाठी एक तळ उभारला. चारी बाजूंना उंच लाकडी भिंत आणि भिंतीच्या आत साधारण १९ फुटांवर लाकडाचा एक साधा कठडा. त्याचं नाव डेड लाईन. कैद्याने तो ओलांडला, काही वेळा नुसता हात पुढे गेला, तरी वरच्या मचाणावरचा पहारेकरी गोळी घालायचा. साधारण १४ महिन्यांत त्या तळावर ४५,००० च्या आसपास कैदी आले आणि त्यातले जवळपास १३,००० मेले, बहुतेक रोगाने, भुकेने आणि घाण पाण्याने. त्या तळाच्या प्रमुखाला, हेन्री वर्झला, नोव्हेंबर १८६५ मध्ये फाशी झाली. आणि बहुधा हाच शब्द पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पेपरवाल्यांनी उचलला, बातमी द्यायची शेवटची वेळ म्हणून. म्हणजे रोज रात्री मी ज्युनियर पोरांना डेडलाईन डेडलाईन म्हणून पळवते तो कठडा होता, आणि पलीकडे गेलेला माणूस परत येत नव्हता. त्या दिवसापासून तो शब्द मी ऑफिसात जरा जपून वापरते, बहुतेक वेळा सरळ 'पान किती वाजता सोडायचं' असंच म्हणते.

हे बाबांना सांगितलं. मला वाटलं त्यांना नवल वाटेल. ते शांतच बसले थोडा वेळ आणि म्हणाले, "आमच्यात डेड लाईन म्हणजे चांगली लाईन."

लाईनमनच्या भाषेत करंट नसलेली लाईन ती डेड. खांबावर चढायच्या आधी परमिट घ्यायचं, सबस्टेशनवरून लाईन बंद करून घ्यायची, फोनवर दोनदा विचारायचं डेड आहे का, आणि तिकडून हो आलं तरी विश्वास ठेवायचा नाही, डिस्चार्ज रॉडने लाईनला अर्थिंग द्यायचं, म्हणजे ती जमिनीला जोडायची, मगच हात लावायचा. बाबा हे सगळं दर वेळी करायचे, पाऊस असो की लोक खाली शिव्या घालत उभे असोत, कारण त्यांच्याबरोबरचे एक काका असेच गेले. मी तेव्हा पाचवीत होते. लाईन वरून बंद होती, परमिट होतं, पण लाईन गेली म्हणून कोणीतरी जनरेटर लावला आणि घरचा मेन स्विच पाडलाच नाही, त्यामुळे करंट उलटा लाईनवर चढला आणि ट्रान्सफॉर्मरने तो वाढवून पुढे दिला. काका खांबावर होते. वरून डेड होती लाईन, खालून जिवंत झाली. बाबा रात्री घरी आले आणि बाहेरच्या पायरीवर बसून राहिले, आईने पाणी आणून दिलं तर ग्लास हातात धरूनच होते. अजूनही आमच्या गल्लीत कोणी जनरेटर चालू केला की बाबा चप्पल घालून बाहेर जातात, ज्याच्या घरचा आवाज आहे त्याच्या दारात उभे राहतात आणि विचारतात, "मेन पाडला काय?" लोकांना वाटतं म्हाताऱ्याला काय काम नाही. तुमच्याकडे जनरेटर असेल तर कृपा करून आधी मेन पाडा, मग चालू करा, कारण दुसऱ्या टोकाला कोणीतरी तार हातात धरून असतं.

हे सगळं कळल्यावर मला एकदा तो धागा हातात घेऊन पाहायचाच होता. आपण जवस लावतो तो दाण्यासाठी, महाराजबागेजवळच्या आपल्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालतं आणि एनएल-९७ सारखी वाणं नागपूरचीच, त्यातला एनएल म्हणजे नागपूर लिनसीड, पण ही झाडं ठेंगणी आणि फांद्यांची, दाणे झोडपून झाले की काड्या जाळून नाहीतर फेकून देतात. गेल्या मार्चमध्ये भिवापूरला गेले तेव्हा मामाच्या वावरातून त्यातलाच एक भारा उचलून आणला, काड्या कापून बादलीत पाण्यात टाकल्या आणि वर दगड ठेवला. चौथ्या दिवशी वास सुटला. आई म्हणाली, "काय सडवून राहिली वं पोरी बाथरूममधी?" आठव्या दिवशी काडी वाकवून पाहिली तर साल सुटत होती. गच्चीवर वाळवल्या, लाटण्याने हळूहळू ठेचल्या, आतली लाकडासारखी भुकटी झटकली, आणि बोटात राहिले पिवळसर केस, आजीच्या वेणीत शेवटी शेवटी होते तसे. आखूडच निघाले, वीतभर, जास्तीत जास्त दीड वीत. आजी मांडीवर वाती वळायची तसे वळायला घेतले. पहिल्या दिवशी तुटत गेले. मग कळलं की बोटं ओली ठेवायची आणि संपत आलेल्या टोकात नवीन पेड आधीच सरकवायचा. पंधरा दिवस रोज थोडं थोडं वळून चार हात दोरी झाली, कुठे जाड कुठे बारीक, पण दोन्ही टोकं धरून ओढली तर तुटेना.

बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पाहिली, नखाने पेड उकलून पाहिला. "काहाची आहे?"

"जवसाची."

"अंबाडीची दोरी पाह्यली होती. जवसाची पयल्यांदाच पाहून राहिलो." मग त्यांनी ती दोन्ही हातांत धरून झटका दिला, जसा ते तारेला द्यायचे. गॅलरीत दोन खिळे आहेत, जुन्या पडद्याचे. एका खिळ्याला त्यांनी गाठ मारली आणि दुसऱ्या खिळ्याकडे नेताना मी दोरी ओढून ताठ धरली तर म्हणाले, "येवढी ताणू नको. उन्हाळ्यात ताणून बांधली तं हिवाळ्यात आखडून तुटते. झोळ दे थोडा." तारेचा नियम होता तो, तरी मी दोरी सैल सोडली, त्यांनी डोळा बारीक करून झोळ पाहिला, परत थोडा कमी केला आणि गाठ आवळली.

सकाळी उठून पाहिलं तर त्यावर त्यांचा दुपट्टा वाळत होता.